जत्रेतला गॅसचा फुगा : हेलियम की हायड्रोजन? लेकराच्या हातात देण्याआधी हे वाचा

छत्रपती संभाजीनगर : पैठणची नाथषष्ठी असो की खुलताबादला भद्रा मारुतीची यात्रा, लेकरू गॅसच्या फुग्यासाठी हट्ट धरतंच. पण फुग्यात गॅस कोणता, हे कुणी विचारत नाही. फुगा वर नेणारे गॅस दोन आहेत आणि दोन्हींत मोठा फरक आहे.

फरक काय?

एक लिटर हवेचं वजन साधारण 1.2 ग्रॅम भरतं, हेलियमचं 0.2 ग्रॅमहून कमी. म्हणून फुगा वर जातो. हेलियम निष्क्रिय वायू आहे, तो पेटत नाही. हायड्रोजन त्याहून हलका, पण ठिणगी पडली की भडकतो.

मग हायड्रोजन का भरतात?

हेलियम महाग आहे. आपल्या देशात तो बहुतेक बाहेरूनच येतो. त्यामुळे काही फुगेवाले सिलिंडरमध्येच केमिकल, ॲल्युमिनियमचे तुकडे आणि पाणी टाकून हायड्रोजन तयार करतात. आत उष्णता आणि दाब वाढतो. सिलिंडर जुनं, गंजलेलं असलं तर ते फुटतं. लातूरमध्ये ऑक्टोबर 2023 मध्ये असंच सिलिंडर फुटून फुगेवाला ठार झाला, भोवतीची लेकरं जखमी झाली.

सूर्यावर सापडलेला गॅस

18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून सूर्याच्या प्रकाशाची तपासणी केली. त्या प्रकाशातली अनोळखी पिवळी रेघ हेलियमची निघाली. इंग्लंडच्या लॉकियर यांनीही त्याच वर्षी ती पाहिली. लॉकियर यांनी हा शोध विजयदुर्गावरून लावला असं सांगतात. पण ते तिथे आले ते 1898 च्या ग्रहणाला. पृथ्वीवर हेलियम 1895 साली रॅमसे यांना सापडला.

दवाखान्यातही लागतो

एमआरआय मशीनचं चुंबक उणे 269 अंशांच्या पातळ हेलियमने गार ठेवतात.

काय काळजी घ्यावी?

- फुगेवाला सिलिंडरमध्ये पावडर, पाणी टाकताना दिसला तर लेकरांना लांब न्या.
- गॅसचा फुगा दिवा, उदबत्ती, बिडी, फटाक्यांजवळ नेऊ नका. काडी लावून गॅस तपासू नका.
- आवाज बारीक करायला हेलियम ओढू नका. छातीत ऑक्सिजन कमी पडून माणूस बेशुद्ध होतो, जीवही जातो.
- यात्रा कमिटीने सिलिंडरवाल्याला गर्दीत बसू देऊ नये.

तोंडाने फुगवलेला फुगा वर जात नाही, पण लेकरू सुखरूप घरी येतं.