चित्र आहे, पण आवाज नाहीं!

अकोल्याच्या जुन्या शहरांत आमचें घर आहे. घरांतील जातें आतां कोपऱ्यांत उभें करून ठेविलेलें असून तें कोणी फिरवीत नाहीं. परंतु आमची आजी हयात असतांना, २००९ सालीं, तिनें त्याच जात्यावर म्हटलेल्या ओव्या काकांनीं आपल्या मोबाइल फोनवर टिपून घेतल्या होत्या. अवघें तीन मिनिटांचें तें चित्रण. पण आजीचा आवाज म्हणून आमच्याजवळ दुसरें कांहींच नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत सर्व मंडळी जमली असतां तें नव्या संगणकावर लाविलें. आजीचा हात फिरूं लागला, ओंठ हलूं लागले. पण शब्द एकहि उमटेना! एका दुकानदारास दाखविलें, तों तो म्हणाला, “फाइल खराब झाली आहे, काढून टाका.” ऐकून आमच्या काळजांत धस्स झालें.

सुदैवानें आम्हीं ती काढून टाकिली नाहीं. त्या प्रसंगानें आम्हांस जें शिकविलें, तें विद्यार्थी बंधुभगिनींपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, चित्रणाची फाइल ही एकसंध वस्तु नव्हे. आपल्या वऱ्हाडांतील कापसाचेंच उदाहरण घ्या. सरकी काढलेली रुई मोकळीच पाठवूं म्हटलें, तर गाड्या पुरावयाच्या नाहींत. म्हणून ती दाबून तिच्या गांठी बांधतात, आणि गिरणींत पोंचल्यावर गांठ सोडतात. चित्राचेंहि तसेंच आहे. १९२० बिंदु रुंद व १०८० बिंदु उंच असें चित्र सेकंदास २५ वेळां दाखवावयाचें, आणि प्रत्येक बिंदूच्या रंगास ३ बाइट लागावयाचे, म्हणजे एका मिनिटास ९ अब्जांहून अधिक बाइट होतात! म्हणून तें दाबून ठेवितात. या दाबण्याच्या व सोडविण्याच्या रीतीस कोडेक म्हणतात. चित्राची रीत निराळी, आवाजाची निराळी. या दोन्ही गांठी ज्या एका गाडींत लादतात, तिला कंटेनर असें नांव आहे. फाइलीच्या नांवाअखेर ‘एमपी४’, ‘एव्हीआय’, ‘३जीपी’ अशीं जीं अक्षरें दिसतात, ती त्या गाडीवरची पाटी होय. पाटी बदलल्यानें आंतील माल बदलत नाहीं. आणि पाटी ओळखीची असली, तरी आंतील प्रत्येक गांठ सोडण्याची रीत प्लेयरला ठाऊक असेलच, असें नाहीं.

आमच्या आजीचें नेमकें हेंच झालें होतें. त्या जुन्या ३जीपी फाइलींत चित्र केवळ १७६ बाय १४४ बिंदूंचें होतें, व आवाज एएमआर या रीतीनें दाबलेला होता. ही रीत फोनवरील संभाषणासाठीं निर्माण झाली असून तींत आवाजाचे सेकंदास ८००० नमुने घेतात. संगणकावरील प्लेयरला चित्राची गांठ सोडतां आली, आवाजाची आली नाहीं. आणि दोष मात्र फाइलीच्या माथीं बसला!

तेव्हां औषधापूर्वीं निदान करावें. त्यासाठीं दोन साधे प्रयोग पुरेसे आहेत. पहिला, त्याच प्लेयरमध्यें दुसरी चांगली फाइल लावून पाहावी. तीहि बोलेना, तर दोष यंत्रांत आहे. अशा वेळीं आवाजाची पातळी व आवाज कोणत्या मार्गानें बाहेर पडतो आहे, हें तपासावें. पुष्कळदां तो ब्लूटूथवाटे शेजारच्या खोलींतील इअरफोनमध्यें गुपचुप जात असतो! दुसरा प्रयोग, तीच फाइल दुसऱ्या प्लेयरमध्यें लावावी. तेथें ती चालली, तर फाइल निरोगी समजावी. या कामीं व्हीएलसी हा प्लेयर फार उपयोगी पडतो. पॅरिसच्या एकोल सांत्राल या विद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं १९९६ सालीं आरंभिलेल्या उद्योगांतून तो जन्मास आला. तो विनामूल्य मिळतो, आणि बहुतेक गांठी सोडण्याचीं साधनें आपल्याबरोबरच बाळगतो. आजीच्या ओव्या आम्हांस त्यांतच पुन्हां ऐकूं आल्या.

आतां इतर लक्षणें थोडक्यांत सांगतों. आवाज येतो पण पडदा काळा राहतो, असें झाल्यास चित्राचा कोडेक पाहावा. आयफोन २०१७ पासून एचईव्हीसी ही नवी रीत वापरूं लागले, आणि जुन्या संगणकांस ती अनेकदां उमगत नाहीं. चित्र अडखळत चालत असेल, तर पेनड्राइव्हवरील फाइल संगणकांत उतरवून घ्यावी, इतर कामें बंद करावीं, व हार्डवेअर डिकोडिंगची सोय चालू-बंद करून पाहावी. ओंठ व शब्द यांचा मेळ बसत नसल्यास संगणकावरील व्हीएलसीमध्यें ‘के’ कळ दाबावी, म्हणजे आवाज सेकंदाच्या ५० सहस्रांशानें उशिरा येतो. ‘जे’ दाबल्यास तितकाच लवकर येतो.

फाइल मुळींच उघडत नसेल, तर मूळ फाइलीचे व नकलेचे बाइट ताडून पाहावे. नक्कल करतांना पेनड्राइव्ह घाईनें उपटल्यास ती अर्धवट राहते. चित्रण चालू असतांनाच फोनची बॅटरी संपली, तर प्रकार अधिक कठीण होतो. एमपी४ फाइलीची अनुक्रमणिका बहुधा चित्रण संपल्यावर लिहिली जाते. ती लिहिली गेली नाहीं, म्हणजे माल आंत असूनहि कोणता कोठें हें प्लेयरला कळत नाहीं. तथापि त्याच फोनवरील दुसरी चांगली फाइल नमुना म्हणून घेऊन ही अनुक्रमणिका पुन्हां रचणारीं साधनें आहेत. तेथेंहि आशा सोडूं नये.

मात्र सर्व प्रयोग नकलेवर करावे, मुळावर कदापि नव्हे. गांठ सोडल्यावर रुई सगळी परत मिळते. चित्रणाचें तसें नाहीं. एका रीतींतून दुसऱ्या रीतींत बदलतांना त्याचा कांहीं अंश बहुधा कायमचा जातो.

१९३१ सालीं मुंबईंत लागलेला ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानचा पहिला बोलपट. त्याची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. उलट हेमा राईरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं महाराष्ट्रांतील खेडोपाडीं जमविलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरील ओव्या २०१७ पासून इंटरनेटवर प्रसिद्ध होऊं लागल्या. त्यांपैकीं कित्येक तर गाणाऱ्या बायांच्याच आवाजांत ऐकावयास मिळतात. कोणी तरी त्या वेळेवर जपल्या व नव्या साधनांत उतरविल्या, म्हणूनच हें घडलें.

विद्यार्थिमित्रहो, आपापल्या घरचे जुने फोन व जुन्या चकत्या एकदां बाहेर काढा. जें लागत नाहीं तें मेलेंच, असें समजूं नका. दुसऱ्या प्लेयरला विचारा, आणि दोन ठिकाणीं नक्कल करून ठेवा. आमच्या घरीं त्या दिवशीं ओव्या संपल्यावर कोणीच कांहीं बोललें नाहीं. मग काकांनीं ती फाइल पुन्हां पहिल्यापासून लाविली.