ऑपरेशननंतरचं पोट आणि कागदावरचा आकडा

दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकाच्या सरहद्दीजवळचं गाव. मोठा दवाखाना गाठायचा तर एकीकडे सोलापूर, दुसरीकडे कलबुर्गी. समजा, पोटाचं ऑपरेशन एका शहरात झालं आणि महिन्याभरानं वांत्या सुरू झाल्या म्हणून रुग्णाला दुसऱ्या शहरात नेलं. तो मराठीत सांगेल किंवा कन्नडमध्ये. कागदावरचा संकेतांक मात्र दोन्हीकडे एकच अर्थ सांगतो.

आजारांच्या या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाला 'आयसीडी' म्हणतात. फ्रान्सच्या झाक बर्टिलाँ यांनी १८९३ मध्ये मांडलेली मृत्यूच्या कारणांची यादी हा त्याचा पाया. १९४८ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. अकरावी २०२२ पासून लागू झाली असली, तरी दहावीचे संकेत अजूनही अनेक ठिकाणी वापरात आहेत.

दहाव्या आवृत्तीत पचनसंस्थेच्या आजारांना 'के' हे अक्षर आहे. हर्निया नसताना आतड्याचा मार्ग बंद झाला, तर 'के ५६'. पण हेच ऑपरेशनमुळे उद्भवलं, तर 'के ९१.३'. जठराच्या ऑपरेशननंतर जेवल्याबरोबर घाम, धडधड, चक्कर आली, तर 'के ९१.१'. अन्न अंगी लागेनासं झालं, तर 'के ९१.२'. टाक्यांच्या जागी पू झाला, तर अक्षरच बदलतं : 'टी ८१.४'.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? कागदावर नुसतं 'पोटदुखी' लिहिलं, तर आधीच्या ऑपरेशनशी असलेला धागा तुटतो. पुढच्या डॉक्टरांना तपासणीची दिशा मिळायला उशीर होतो आणि अशा रुग्णांची मोजदादही होत नाही. मोजदाद नाही, तर सुधारणा कशाची करणार?

मात्र असा संकेत म्हणजे डॉक्टरांच्या हलगर्जीपणाचा दाखला नव्हे. ऑपरेशन व्यवस्थित होऊनही आतडी एकमेकांना चिकटू शकतात, कधी कधी तर काही वर्षांनीसुद्धा.

आकडे पाठ करण्याचं काम आपलं नाही. आपण डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावं. त्यावर ऑपरेशनचं नाव आणि तारीख आहे ना, हे घरी निघण्यापूर्वीच पाहावं. पोट फुगणं, सतत वांत्या, वारा किंवा शौचाला न होणं, ताप, यांपैकी काहीही दिसलं, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा आणि पहिलं वाक्य हेच सांगावं : "माझं पोटाचं ऑपरेशन झालेलं आहे."