फराळ कुणी कुणाकडे न्यायचा?

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. तिथून बोरी बुद्रुक जवळच, नारायणगावही फार लांब नाही. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना बोरी ठाऊक आहे ती कुकडीच्या काठावर सापडलेल्या ज्वालामुखीच्या राखेमुळे आणि त्याच जागी मिळालेल्या अश्मयुगीन दगडी हत्यारांमुळे. आज या पट्ट्यात मुक्कामाला येणारी माणसं वेगळी. बदलीवर आलेले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, बाजार समितीत टोमॅटोचे क्रेट उचलणारे हमाल, गॅरेजवर राबणारी उत्तर प्रदेश-बिहारकडची पोरं, कॉलेजसाठी आदिवासी पट्ट्यातून खाली आलेले विद्यार्थी. त्यांच्यासाठी कुणी घरामागं, कुणी रस्त्याकडेच्या वावरात चार-सहा खोल्यांची चाळ काढलेली असते. एक नळ, एक मोरी, खोलीगणिक सबमीटर, आणि मालकाचं घर हाकेच्या अंतरावर.

दिवाळी जवळ आली की या हाकेच्या अंतराची अडचण होते. शहरातला फ्लॅटमालक भाडेकरूला वर्षातून एकदा, करार वाढवताना भेटतो. त्यानं काही दिलं नाही तरी कुणाच्या लक्षात येत नाही. इथं भाडेकरूची पोरं मालकाच्या अंगणात खेळतात आणि मालकिणीच्या चकलीचा वास सहाही खोल्यांत जातो. काही न देणं बरं दिसत नाही, आणि काय द्यावं ते कळत नाही. मग मिठाईच्या दुकानातून सहा सारखे बॉक्स येतात आणि विषय संपतो. खरं तर तिथं तो सुरू व्हायला हवा.

कारण मालकानं दिलेली भेट ही शेजाऱ्यानं दिलेल्या भेटीसारखी नसते. भाडं वाढवणं, डिपॉझिट अडवणं, खोली खाली करायला सांगणं एकाच्याच हातात असतं. त्याच हातातून लाडू आला की घेणारा नकळत विचार करतो, याच्या बदल्यात काय मागतील? ही शंका वेडगळ नाही. आपल्याकडे मालक आणि कूळ यांच्यातली देवघेव पिढ्यानपिढ्या उलट्या दिशेनं चालली होती. सणाला भेट निघायची ती कुळाच्या घरातून मालकाच्या वाड्याकडे.

कोकणातल्या खोतीत याचं उघडंवाघडं रूप दिसायचं. ठरलेला खंड तर द्यायचाच, वर खोताच्या शेतावर आणि घरी फुकट राबायचं, परसातला भाजीपालाही पोचवायचा. खंडाखेरीजच्या अशा वरकड वसुलीला अबवाब म्हणत. कुलाबा जिल्ह्यात अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये संप पुकारला. शेती पडीक ठेवून तो १९३९ पर्यंत चालवला. संप चालू असतानाच, सप्टेंबर १९३७ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानं. त्याआधी वर्षभर, १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट कायद्यानं खंडाशिवाय कुळाकडून कुठलीही पट्टी, हक्क किंवा सेवा घ्यायला जमीनमालकाला बंदी केली होती. १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळं कायद्यानं जमिनीची मालक मानली गेली. जुन्नर-आंबेगावातही आज खोल्या भाड्यानं देणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्याचे जुने फेरफार उलगडले, तर आजोबा कूळ म्हणून सापडू शकतील.

हा काही फक्त आपल्याकडचा प्रकार नाही. जपानमध्ये घर भाड्यानं घेताना डिपॉझिटशिवाय ‘रेइकिन’ नावाची रक्कम देण्याची रीत आहे. अर्थ ‘आभाराचे पैसे’. ती बहुधा महिना-दोन महिन्यांच्या भाड्याइतकी असते आणि परत मिळत नाही. घर दिल्याबद्दल भाडेकरूनं मालकाचे आभार रोखीनं मानायचे! अलीकडे ती न घेणारी घरं वाढली आहेत, पण रीत मोडलेली नाही. मुंबईकरांना यात आश्चर्य वाटायचं कारण नाही; पागडी त्यांच्या ओळखीची आहे. १९४७ च्या भाडे कायद्यानं ती गुन्हा ठरवली होती, तरी ती पाकिटातून फिरत राहिली, आणि १९९९ च्या कायद्यानं तिला अधिकृत मान्यता दिली.

तेव्हा आजचा मालक फराळाचं ताट घेऊन स्वतः भाडेकरूच्या दाराशी जातो, हीच नवी गोष्ट आहे. ती नीट व्हावी असं वाटत असेल तर पहिली अट एकच: जे द्यायचं बाकी आहे ते भेट म्हणून देऊ नये. गळका पत्रा, तुटलेली कडी, मोरीचा तुंबलेला पाइप यांची दुरुस्ती दिवाळीच्या तोंडावर करून ‘घ्या, तुमची दिवाळी झाली’ म्हणणारे महाभाग असतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा जिथं लागू आहे तिथं जागा राहण्याजोगी ठेवणं, भाड्याची पावती देणं ही मालकाची जबाबदारी आहे. पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूला जेरीला आणणं त्यात बसत नाही. करार लेखी करून नोंदवायचा तोही मालकानंच. गावात हा कायदा लागू असो वा नसो, पावती न देणाऱ्याच्या काजूकतलीला चव नसते. सबमीटरचा दर महावितरणच्या बिलापेक्षा चढा लावून त्यातल्याच पैशातून आणलेल्या बॉक्सबद्दल तर बोलायलाच नको. भाडेकरूंना हिशोब येतो.

हे सगळं चोख असेल तर पुढचं सोपं आहे, फक्त भाडेकरूची दिवाळी कशी असते ते बघावं लागतं. मालकाची दिवाळी घरात असते, भाडेकरूची बहुधा एसटीत. वसुबारस-धनत्रयोदशीलाच बॅगा भरल्या जातात आणि चाळीतल्या निम्म्या खोल्यांना कुलपं लागतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मालक बॉक्स घेऊन निघाला तर तो कुलपापुढं उभा राहणार. भेट वसुबारसेच्या आधी पोचली पाहिजे, आणि ती बॅगेत मावणारी, उलटसुलट झाली तरी न बिघडणारी हवी. खव्याची मिठाई दोन-चार दिवसांत खराब होते आणि सणाच्या दिवसांत भेसळीचा धोकाही तिलाच जास्त. सुट्या मिठाईपुढं ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लिहिण्याची सूचना अन्नसुरक्षा प्राधिकरणानं १ ऑक्टोबर २०२० पासून लागू केली. ती पाटी वाचूनच घ्यावी. बीड किंवा नांदेडच्या रात्रभराच्या प्रवासाला पेढ्यापेक्षा शंकरपाळ्या आणि पोह्यांचा चिवडा बरा. गावी पोचल्यावर ‘आमच्या मालकांनी दिलंय’ म्हणून तो चिवडा चार घरांत वाटला जातो, हाही फायदाच.

घरचा फराळ द्यायचा असेल तर डब्याचा विचार आधी करावा. मराठी घरात शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायची पद्धत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. मालकिणीनं स्टीलच्या मोठ्या डब्यात सहा पदार्थ भरून पाठवले, की एकट्या राहणाऱ्या नर्सबाईला किंवा चार पोरांच्या खोलीला प्रश्न पडतो की आता यात घालायचं काय? मग ती बाजारातून महागाची मिठाई आणते. भेट देणाऱ्यानं तिच्यावर खर्च टाकला, आणि अबवाब मागच्या दारानं परत आला. त्यापेक्षा पुठ्ठ्याचा खोका किंवा ठेवून घ्यायचाच असा छोटा डबा द्यावा. डबा देताना ‘हा परत आणू नका’ असं तोंडानं सांगावं. आणि त्यावर मशीननं आपलं नाव घालून देऊ नये. लग्नातल्या आहेराच्या भांड्यावर नाव शोभतं. भाडेकरूच्या मांडणीवर रोज दिसणारं मालकाचं नाव हा नुसता शिक्का.

सहा खोल्यांना सहा सारखे बॉक्स, यात एक शहाणपण आहे: नळावर तुलना होत नाही. ‘तीन नंबरवाल्यांना साडी दिली म्हणे’ हे वाक्य चाळीत वर्षभर पुरतं. पण सारखं द्यायचं ते किमतीनं. वस्तू बदलायला हरकत नाही. माळकरी घरात कांदा-लसूण घातलेला चिवडा चालत नाही, जैन कुटुंबाला बटाट्याचा सळीचा चिवडा चालत नाही, आणि मधुमेही आजोबांना किलोभर लाडू म्हणजे घरात भांडण. मुसलमान भाडेकरूला दिवाळीचा फराळ द्यावाच. तोही ईदेला शीरखुर्मा आणून देतो, जुन्नरसारख्या जुन्या गावात हे नवं नाही. मात्र ईदेच्या आदल्या दिवशी मालकानं आठवणीनं शेवया-खारीक पाठवली, तर ती गोष्ट लक्षात राहते.

बिहार-पूर्वांचलच्या मुलांचं आणखी वेगळं. त्यांचा मोठा सण छठ, तो दिवाळीनंतर सहाव्या दिवशी, कार्तिक शुद्ध षष्ठीला. रेल्वेचं तिकीट मिळालं तर ते जातात, नाही तर इथंच पाण्याच्या काठावर उभं राहून मावळत्या आणि दुसऱ्या दिवशी उगवत्या सूर्याला अर्घ्य देतात. त्या पूजेला पानांसकट उभा ऊस लागतो, केळी, नारळ लागतात. जुन्नर तालुक्यात ऊस विकत आणायची वेळ येऊ नये. विघ्नहर साखर कारखान्याला जाणारा ऊस आजूबाजूच्या रानात उभाच असतो. मालकानं आपल्या बांधावरचे पाच चांगले ऊस शेंड्यासकट तोडून खोलीच्या दाराशी ठेवले तर खर्च जवळजवळ शून्य, आणि त्या पोरांच्या घरी व्हिडिओ कॉलवर तो ऊस दाखवला जाणार हे नक्की. मिठाईच्या कुठल्याही दुकानात ही भेट मिळत नाही.

शेतातून येणाऱ्या वस्तूंना इथं तोटा नाही. दिवाळीच्या सुमारास नवी बाजरी आणि भुईमुगाच्या शेंगा घरात असतात, पश्चिमेच्या पट्ट्यात इंद्रायणी भात काढणीला येतो. कुटुंब घेऊन राहणाऱ्या भाडेकरूला पाच किलो नवा तांदूळ मिठाईपेक्षा कामाचा. एकट्यांना मात्र तांदूळ देऊन उपयोग नाही, त्यांना जेवायला बोलवावं. सण संपून माणसं गावाहून परतली की एखाद्या रविवारी मासवड्या आणि झणझणीत रस्सा, सोबत बाजरीची भाकरी. या भागाची ही खासियत बाहेरच्या माणसानं हॉटेलात खाल्लेली असते, घरची नाही. पंगतीत मात्र थकलेल्या वीजबिलाचा विषय काढायचा नाही.

शिक्षक किंवा विद्यार्थी असेल तर दिवाळी अंक. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही मराठीची स्वतःची भेटवस्तू आहे. मासिकानं हे सुचवणं म्हणजे आपल्याच पोळीवर तूप ओढणं, हे कबूल. पण अंक बॅगेत मावतो, बिघडत नाही आणि परतीचा डबा मागत नाही.

पैशाचं काय? पाकिटात पाचशे एक घालून देणं नोकराच्या पोस्तीसारखं वाटतं, बऱ्याच भाडेकरूंना ते लागतं. ज्याची ओढाताण दिसते आहे त्याला त्या महिन्याच्या भाड्यात सूट द्यावी. पावतीवर पूर्ण भाडं, सूट आणि मिळालेली रक्कम असं तिन्ही लिहावं, म्हणजे पुढं कुणी ‘भाडं कमीच ठरलं होतं’ किंवा ‘बाकी राहिली आहे’ असं म्हणणार नाही. मिठाईचं बिल प्राप्तिकरात दाखवता येईल का, असं काही मालक सल्लागाराला विचारतात. राहत्या घराच्या भाड्यावर घरपट्टी वजा जाता सरसकट ३० टक्के वजावट मिळते, दुरुस्तीपासून रंगापर्यंत सगळा खर्च तिच्यातच धरलेला असतो. फराळाचं वेगळं खातं नाही.

रस्त्याकडेच्या गाळ्यांचा हिशोब निराळा. तिथला भाडेकरू दुकानदार, लक्ष्मीपूजन त्याच्या गाळ्यात, आणि पेढा तोच मालकाच्या हातावर ठेवतो. तिथं मालक पाहुणा. पूजेला वेळेवर जावं, नारळ आणि झेंडूचा हार न्यावा, दुकानात गिऱ्हाईक असेल तर फार वेळ बसू नये. पाडव्याला नवी वही सुरू होते, त्या मुहूर्तावर भाडेवाढीची गोष्ट काढायची काही मालकांना हौस असते. करारात वाढ लिहिलेली असेल तर ती करारातल्या तारखेला मागावी. तुळशीचं लग्न होईपर्यंत तरी तो कागद कपाटात राहू द्यावा.