दुसऱ्याच्या देण्याचे फोन

अमेरिकेत सोडून दिलेले दूरध्वनी क्रमांक काही काळाने नव्या ग्राहकांना दिले जातात. वसुली कंपन्यांच्या यादीत मात्र जुनेच नाव राहते. आमच्या क्रमांकावर अशाच एका अनोळखी बाईंच्या थकबाकीसाठी महिनोन्महिने फोन येत होते. मुक्कामाला आलेल्या आईने दोन-तीनदा ते घेतले, आणि आपल्या मुलाच्या व्हिसावर बालंट येईल या धास्तीने तिची झोप उडाली. गावी सावकाराचा माणूस दारात आलेला तिने पाहिला आहे.

वास्तविक १९७७ चा संघीय वसुली कायदा ऋणको नसलेल्यांनाही छळापासून संरक्षण देतो. त्रयस्थाकडे केवळ ऋणकोचा ठावठिकाणा विचारता येतो, तोही सामान्यतः एकदाच. तिच्यावर कर्ज आहे हे सांगण्यास मनाई आहे. आम्हांला तर रक्कमही सांगितली गेली!

'थोडे पैसे देऊन कटकट मिटवा,' असा सल्ला एका स्नेह्यांनी दिला. तो आम्ही मानला नाही. पैसे भरणे म्हणजे देणे आपले असल्याची कबुली दिल्यासारखेच. आम्ही फक्त कंपनीचे नाव व टपालाचा पत्ता मागितला. जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी क्रमांक काहीच दिले नाही, कारण भामटेही याच भाषेत बोलतात. प्रत्येक फोनची तारीख-वेळ नोंदवली, सर्टिफाइड मेलने पत्र धाडले, पोचपावती जपली. तरी फोन थांबेनात, तेव्हा राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे तक्रार केली.

मग फोन थांबले. पुढे ते कर्ज दुसऱ्या कंपनीने विकत घेतले आणि ते पुन्हा सुरू झाले. तिलाही त्याच पत्राची प्रत पाठवली आहे.