समुद्रातलं बियाणं



आमचं सांगोला समुद्रापासून खूप लांब. माण नदी वर्षातले कितीतरी महिने कोरडी असते. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिला आहे तो फक्त पुस्तकातल्या चित्रात. पण समुद्राचा वास मात्र त्यांच्या चांगला ओळखीचा आहे बरं का! आठवडी बाजारात मिरच्यांचे ढीग ओलांडून पुढे गेलं, की सुकट-बोंबील विकणाऱ्या मावशी बसलेल्या असतात. तिथं नाकाला जो वास झोंबतो, तो थेट अरबी समुद्राचा.

एकदा चौथीच्या वर्गात एका मुलानं मला विचारलं, "बाई, बोंबील कुठं पिकतात?"

सगळा वर्ग खो-खो हसला. तो बिचारा लाजून खाली बसला. मी म्हणाले, "थांबा रे, हसू नका. आपल्याकडे ज्वारी पिकते, डाळिंब पिकतं. मग बोंबील कुठून येतो हे विचारलं तर बिघडलं कुठं?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी एका छोट्याशा बेटावर जाऊन पोहोचले. चला, आज तुम्हालाही तिकडे नेते.

होडीतून जायचं गाव

माझी बहीण विरारला राहते. तिच्याकडे सुट्टीला गेले होते, तेव्हा ती म्हणाली, "चल, तुला अर्नाळ्याला नेते." अर्नाळा हे पालघर जिल्ह्यातलं, वसई तालुक्यातलं गाव. तिथं एस.टी.चा डेपो आहे. पण एस.टी. जिथं थांबते, तिथून खरी गंमत सुरू होते. समोर समुद्रात एक हिरवं बेट दिसतं आणि त्यावर काळ्या दगडांचा तट. तोच अर्नाळ्याचा किल्ला. ओहोटी असेल तर पाण्यातून चालत होडीपर्यंत जायचं, चपला हातात घ्यायच्या आणि होडीत चढायचं. थोड्याच वेळात आपण बेटावर!

हे बेट वैतरणा नदीच्या मुखाशी आहे. सोळाव्या शतकात ते पोर्तुगीजांच्या ताब्यात गेलं. 1737 साली मराठ्यांनी ते घेतलं. चिमाजी अप्पांची वसईची मोहीम तुम्ही इतिहासात वाचली असेल, तेव्हाचीच ही गोष्ट. मराठ्यांनी इथं भक्कम किल्ला बांधला. त्याच्या दरवाजावर हत्ती आणि वाघ कोरले आहेत. चारही बाजूंना खारं पाणी असूनही किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याचं आठ कोनांचं तळं आहे. आपल्या भारतीय नौदलात 18 जून 2025 रोजी एक नवी युद्धनौका दाखल झाली. शत्रूच्या पाणबुड्या शोधणारी. तिचं नाव याच किल्ल्यावरून ठेवलंय, 'अर्नाळा'.

पण मला किल्ल्यापेक्षा जास्त आवडलं ते तटाबाहेरचं गाव. या एवढ्याशा बेटाला स्वतःची ग्रामपंचायत आहे, 'अर्नाळा किल्ला' ग्रामपंचायत. इथली वस्ती मुख्यतः कोळी बांधवांची. आपल्याकडे घरासमोर बैलगाडी किंवा ट्रॅक्टर उभा असतो, तशा इथं किनाऱ्यावर होड्या उभ्या असतात. अंगणात वाळवण असतं ते पापड-कुरडयांचं नाही, मासळीचं!

जाळ्यात मासा आणतं कोण?

बोंबील पकडायला इथले लोक 'डोल' नावाचं जाळं वापरतात. ते कसं असतं? एक भलीमोठी पिशवी डोळ्यांपुढे आणा. तोंडाशी खूप रुंद आणि मागे शेपटाकडे निमुळती होत गेलेली. ही पिशवी समुद्रात एका जागी पक्की बांधून ठेवतात. माशांच्या मागे धावायचं नाही. भरती-ओहोटीचं पाणी जोरात वाहतं, तेच मासे घेऊन पिशवीत शिरतं. पाण्याचा जोर कमी झाला, की जाळं वर ओढून घ्यायचं.

म्हणजे इथं चाकरी करतो तो चंद्र! पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास समुद्राला मोठी भरती येते, तिला उधाणाची भरती म्हणतात. तेव्हा पाण्याला ओढ जास्त, म्हणून डोलीला मासळीही जास्त. अष्टमीच्या सुमारास येते ती भांगाची भरती. तेव्हा पाणी मंद, जाळंही मंद. म्हणून आपल्याकडे शेतकरी जसा नक्षत्रं मोजतो, तसा कोळी तिथी मोजतो.

कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचं एक सोपं गणित पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. वहीत करून पाहा. आजची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. येईल ते उत्तर म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. आज चतुर्थी आहे? चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीन वाजता भरती. अष्टमी आहे? आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. थोडा मागेपुढे फरक पडतो, पण घड्याळ नसलेल्या काळात हेच घड्याळ होतं. पाऊणकीचा पाढा कशाला पाठ करायचा, असं विचारणाऱ्यांना हे जरूर सांगा!

जबड्यात जबडा

ताजा बोंबील हातात घेतला तर मऊ मऊ लागतो, कारण त्याच्या अंगात बहुतेक पाणीच असतं. तो फार लवकर खराब होतो. मग सांगोल्यापर्यंत यायचा कसा? त्यासाठी त्याला वाळवतात.

किनाऱ्यावर बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या ताणतात. या मांडवाला तिकडे वलांडी म्हणतात. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. मीठसुद्धा लागत नाही. ऊन आणि वारा बाकीचं काम करतात. बारीक जवळा जमिनीवर पसरून वाळवतात. वाळला की तीच आपली सुकट. वाळवण, निवडणं, विकणं हे सगळं मुख्यतः बायका सांभाळतात. अशी सुकी मासळी व्यापाऱ्यांच्या हातून हातून गावोगावच्या बाजारात पोहोचते.

आमच्याकडे दुष्काळाच्या वर्षी भाजी मिळेनाशी होते. तेव्हा चुलीवर भाजलेला बोंबील किंवा परतलेली सुकट आणि भाकरी यांवर कितीतरी घरांनी दिवस काढले आहेत. ज्या गावाला समुद्र ठाऊक नाही, त्या गावाला समुद्रानं असा आधार दिला आहे.

जगाच्या दुसऱ्या टोकाला

मासळी अशी मिठाशिवाय वाळवणारे आपणच आहोत का? नाही! आता नकाशात पार वर, युरोपच्या उत्तरेला नॉर्वे देश शोधा. त्याच्या किनाऱ्याजवळ लोफोटेन नावाची बेटं आहेत. त्यांच्या शेवटच्या टोकाला रॉस्त नावाचं चिमुकलं बेट आहे. लोकवस्ती 500च्या आसपास, म्हणजे आपल्याकडची एखादी वाडीच म्हणा ना! तरी त्याची स्वतःची नगरपालिका आहे. तिथं ऐन हिवाळ्यात काही दिवस सूर्य उगवतच नाही.

हिवाळ्यात उत्तरेकडून कॉड नावाचे मोठे मासे अंडी घालायला लोफोटेनजवळ येतात. कोळी ते पकडतात, मुंडकं काढतात, दोन-दोन मासे शेपटीशी बांधतात आणि लाकडी मांडवावर टांगतात. आपल्याकडे जबड्यात जबडा, तिकडे शेपटीला शेपटी! आपल्याकडे ऊन वाळवतं, तिकडे थंडगार वारा वाळवतो. त्या भागातली शाळकरी मुलं कॉडच्या जिभा कापून विकतात आणि स्वतःच्या खाऊचे पैसे कमावतात.

1432 च्या जानेवारीत व्हेनिसचा एक व्यापारी, पिएत्रो क्वेरिनी, जहाज फुटून रॉस्तजवळ वाहत आला. त्याच्या सोबत्यांपैकी बरेच जण आधीच मरण पावले होते. रॉस्तच्या कोळ्यांनी उरलेल्यांना घरी नेलं आणि मे महिन्यापर्यंत सांभाळलं. क्वेरिनीनं परत गेल्यावर या माणसांविषयी आणि त्यांच्या काठीसारख्या कडक सुक्या माशाविषयी लिहून ठेवलं. आजही रॉस्तची सुकी मासळी इटलीत आवडीनं खातात.

बियाणंच खाल्लं तर?

रॉस्तची आणखी एक गोष्ट मात्र दुःखाची आहे. तिथल्या कड्यांवर पफिन नावाचे पक्षी राहतात, रंगीत चोचीचे. ते आपल्या पिल्लांना हेरिंग या माशाची पिल्लं भरवतात. 1960 च्या दशकात मोठमोठ्या बोटींनी हेरिंग बेसुमार पकडला. पिल्लंसुद्धा सोडली नाहीत. दशक संपता संपता समुद्रातला हेरिंग जवळजवळ संपला. मग रॉस्तच्या कड्यांवर वर्षामागून वर्षं पफिनची पिल्लं भुकेनं मेली. कोळ्यांचा धंदाही बसला. शेवटी कडक बंदी घालावी लागली. हेरिंग पुन्हा वाढायला साधारण वीस वर्षं लागली. पफिनची संख्या तर आजही पूर्वीसारखी झालेली नाही.

हे ऐकल्यावर मला आमच्या गावचे शेतकरी आठवले. दुष्काळात घरातले कणगे रिकामे झाले, तरी एक गाठोडं कुणी सोडत नाही. त्यात पेरणीचं बियाणं असतं. पोटाला चिमटा घेतील, पण बियाणं खाणार नाहीत. ते खाल्लं तर पुढच्या वर्षी पेरणार काय?

माशाचं पिल्लू म्हणजे समुद्रातलं बियाणं. म्हणून आपल्या महाराष्ट्रात जून आणि जुलैमध्ये यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि अनेक माशांचा अंडी घालायचा काळही तोच असतो. श्रावणात नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा होते. 2023 साली सरकारनं 54 जातींच्या माशांसाठी कमीत कमी लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180 मिलिमीटर. त्याच वर्षी पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला.

नियम चांगला आहे, पण पाळणं सोपं नाही बरं! डोल जाळं माशाचं वय विचारत नाही. पाण्यानं आणलेलं सगळं त्यात येतं. जाळ्याच्या शेपटाकडचे डोळे मोठे ठेवले तर पिल्लं निसटतात, पण त्यांच्याबरोबर त्या दिवसाची थोडी कमाईही निसटते. दोन महिने होडी किनाऱ्यावर ठेवायची, तर घर चालवायचं कसं? आणि छोट्या होडीवाल्यानं पिल्लू सोडलं, पण मोठ्या ट्रॉलरनं तेच ओढून नेलं, तर त्याला काय वाटेल? त्यातच अर्नाळ्याच्या बेटाचा किनारा दर पावसाळ्यात लाटा थोडाथोडा खात आहेत. काठावरची काही घरं समुद्रानं पाडली आहेत. एकीकडे मासळी कमी, दुसरीकडे पायाखालची जमीन कमी. नियम पाळायचा तो अशा माणसांनी. म्हणून तो सगळ्यांनी सारखा पाळला, तरच खरा.

तुमच्या कंपासपेटीत

"मग बाई, आपण काय करायचं? आपण तर सांगोल्यात," असं माझ्या मुलांनी विचारलंच.

कंपासपेटीतली पट्टी काढा. ती 15 सेंटीमीटरची असते. ताजं पापलेट साडेतेरा सेंटीमीटरपेक्षा छोटं दिसलं, तर ते पिल्लू आहे. ताजा बोंबील तर तुमच्या पट्टीपेक्षा तीन सेंटीमीटर लांब हवा. वाळल्यावर मासा आक्रसतो, त्यामुळे सुक्या बोंबलाला हे माप तंतोतंत लावता येत नाही. पण आई-बाबांबरोबर शहरातल्या मासळी बाजारात गेलात, तर डोळे उघडे ठेवा. तळहातापेक्षा लहान पापलेटांचा ढीग स्वस्तात मिळत असेल, तर आई-बाबांना हळूच सांगा, "हे बियाणं आहे, हे नको." पालकांनो, मुलांनी असं म्हटलं तर रागावू नका हं! गिऱ्हाईक नसेल तर पिल्लू पकडून आणायला कोण जाईल?

बेटावरून परतले त्यानंतर मी त्या चौथीतल्या मुलाला फळ्यापाशी बोलावलं. त्याला नकाशात अर्नाळा दाखवायला सांगितलं. त्यानं बोट ठेवलं आणि जरा विचार करून म्हणाला, "म्हणजे बाई, बोंबील पिकतातच की. फक्त पेरणारा दिसत नाही."

या वेळी वर्गात कुणी हसलं नाही.