विजेविना आठवडा

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबापुरीची वीज गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागी थबकल्या. बाहेरचे जाळे कोसळताच शहराला त्यापासून तोडून स्वतःच्या विजेवर तगविणारी ‘आयलंडिंग’ व्यवस्थाही त्या दिवशी फसली. वीज बहुतांशी त्याच दिवशी परतली. म्हणून तो धडा विसरून कसे चालेल? ती आठवडाभर आलीच नाही तर? पंप थांबले की उंच इमारतींचे नळ कोरडे पडतात; डिझेल संपले की रुग्णालयांतील जनित्रे मुकी होतात. यास्तव घरोघर पाणी, कंदील, औषधे व थोडी रोकड असावी. इंधनाचा साठा आणि तो प्रथम कोणास द्यावयाचा याचा क्रम महापालिकेने आजच ठरवावा. तहान लागल्यावर विहीर खणणे हे शहाणपण नव्हे, असे आम्हांस वाटते.