अक्षर दिसते, पण उंबरठा दिसत नाही

नेत्रविभागात रुग्णाला घेऊन येणारे नातेवाईक पुष्कळदा एक शंका दबक्या आवाजात बोलून दाखवतात. "सासूबाई सुईत दोरा ओवतात, पोथी वाचतात, मग उंबरठ्याला ठेच कशी लागते?" दुसऱ्या कुणाची तक्रार नेमकी उलट असते. "बाबा काठीवाचून घरभर हिंडतात आणि समोर उभ्या असलेल्या मलाच 'कोण आहे?' म्हणून विचारतात." रुग्ण बहाणा तर करीत नसेल ना, असा संशय या प्रश्नांमागे दडलेला असतो. वस्तुतः दोन्ही रुग्ण खरेच सांगत असतात. पाहणे ही एक क्रिया नसून तिची दोन अंगे आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे हे कोडे उलगडते.

तिन्हीसांजेला गल्लीच्या टोकाशी आलेला ओळखीचा माणूस आपण चेहरा न दिसताही केवळ चालीवरून ओळखतो. हे समग्र आकृतीचे ज्ञान होय. ताटातील तांदळातून खडा वेचताना मात्र नजर बारकाव्यावर खिळते.

या भेदाचे मूळ डोळ्याच्या रचनेतच आहे. दृष्टिपटलावर सुमारे १२ कोटी दंडपेशी व ६० लाख शंकुपेशी असतात. मेंदूकडे संदेश नेणारे तंतू मात्र जेमतेम १० ते १२ लाख. पीतबिंदूच्या मध्यभागी जवळजवळ प्रत्येक शंकुपेशीला स्वतंत्र वाट मिळते, म्हणून तेथे बारकावे उमटतात. कडेच्या भागात अनेक पेशींचे संदेश एकत्र होऊन जातात. तेथे तपशील पुसट होतो, परंतु हालचाल, आकार आणि मंद प्रकाशातील वस्तू जाणवतात. वाचकांनी या ओळीतील एका शब्दावर नजर स्थिर ठेवून, डोळे न हलवता, चार शब्दांपलीकडचे वाचून पाहावे. सुस्पष्ट दिसणारा भाग किती लहान आहे, याची प्रचीती लगेच येईल.

पुढे मेंदूतही हे काम वाटून घेतले जाते. ठळक, रुंद पट्टे आणि बारीक रेषा यांसाठी दृष्टिसंस्थेत निरनिराळे मार्ग असावेत, असे केंब्रिज येथील फर्गस कॅम्पबेल व जॉन रॉबसन यांनी १९६८ साली प्रयोगांच्या आधारे मांडले.

डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ साली तयार केलेला अक्षरांचा तक्ता आजही सर्वत्र वापरला जातो. तो अत्यंत उपयुक्त आहे; तथापि तो मुख्यत्वे बारकाव्याचीच परीक्षा घेतो. काळीभोर अक्षरे वाचणाऱ्या रुग्णाला अंधुक उजेडातील पायरीची कड दिसेलच, असे नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी पेली व रॉबसन यांनी १९८८ साली एकाच आकाराची, परंतु क्रमाक्रमाने फिकट होत जाणारी अक्षरे असलेला तक्ता तयार केला.

काचबिंदूत दृष्टी बहुधा कडेकडून हळूहळू, वेदनेवाचून जाते. रिकामी झालेली जागा मेंदू आपल्या परीने भरून काढतो, त्यामुळे रुग्णाला काळा डाग दिसत नाही आणि तक्त्यावरील शेवटची ओळही वाचता येते. पीतबिंदूच्या ऱ्हासात याच्या उलट घडते: मध्य हरपतो, कड शाबूत राहते. उंबरठ्याला ठेचाळणाऱ्या सासूबाई आणि मुलाला न ओळखणारे बाबा यांची लक्षणे अशी भिन्न असू शकतात.

काचबिंदूने गेलेली दृष्टी परत आणता येत नाही; औषधाचे थेंब, लेसर वा शस्त्रक्रिया यांनी उरलेली दृष्टी राखण्याचा प्रयत्न करता येतो. म्हणूनच दृष्टिक्षेत्राची तपासणी, नेत्रदाबाचे मापन आणि डोळ्याच्या आतील नसेची पाहणी यांना मोल आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पट्टी सुटताच रुग्णाच्या मुद्रेवर उमटणारा आनंद सर्वांना दिसतो. काचबिंदूच्या उपचाराचे यश असे दिसत नाही; आज आहे तेवढे दहा वर्षांनीही दिसत राहणे, हेच त्याचे फलित. अशा न दिसणाऱ्या यशासाठी साहाय्य करणाऱ्या दात्यांचे ऋण म्हणूनच मोठे आहे.

कुटुंबीयांना दोनच विनंत्या. घरात कुणाला काचबिंदू असेल, तर भावंडांनी व मुलांनी, विशेषतः चाळिशीनंतर, संपूर्ण नेत्रतपासणी अवश्य करून घ्यावी. आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या 'दिसत नाही' या शब्दावर, ते पोथी वाचत असले तरीही, विश्वास ठेवावा.